तडकलेली काच

ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरं होती, तेव्हाची गोष्ट. थोरली जाऊ शेवंती एवढी गोरी, की तिच्या घरात दिवा लावावा लागत नसे. असं तीच सांगायची. धाकट्या आवडीला ती 'कोळसा' म्हणायची. पण मुंबईहून फोटो काढायला आलेल्या तसबीरवाल्यानं मिठाच्या राशीपाशी उभं केलं ते आवडीला. शेवंतीचा जळफळाट झाला. तीही मुद्दाम शेजारी उभी राहिली. फोटो घेऊन झाल्यावर त्यानं अंधाऱ्या तंबूतून त्याची ओली काच आणून उजेडात धरली. काचेवर आवडी पांढरीशुभ्र, शेवंती काळीकुट्ट. आवडी हसली. "जाऊबाय, आता कोळसा कोन?" "काचेवर उलटंच उमटतं, कागदावर सुलटं होईल," तसबीरवाला सांगत होता, पण शेवंतीनं काच हिसकावली, ती तडकली. तसबीर कागदावर आलीच नाही. वाया गेलेली काच आवडीनं मागून घेऊन खिडकीत ठेवली. तेव्हापासून शेवंतीच्या तोंडी 'कोळसा' आला, की आवडी नुसती पदरानं काच पुसायला घेई.