गब्बूला पाणी नको

डोळे मिटा आणि एक खिडकी समोर आणा. खिडकीत चहाच्या कपाएवढी कुंडी. कुंडीत जाड, गुबगुबीत पानांचं एक झाड, गालफुग्या बाळासारखं. दिसलं? आता त्या झाडापाशी तोंड एवढंसं करून उभी असलेली मुलगी बघा. एका जागी ती कधी टिकत नाही, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात.

या क्षणी मात्र भिंगरी जागची हललेली नाही. तिचं बोट कुंडीतल्या मातीत आहे, आणि माती ओली आहे.

"आजही ओली!" ती पुटपुटली. "आणि मी तर थेंबभरही घातलं नाही."

झाड मावशीचं. त्याचं नाव गब्बू. मावशी भिंगरीच्याच घरी राहायची आणि दवाखान्यात नर्स होती. प्रशिक्षणासाठी ती महिनाभर परगावी गेली होती. जाताना तिने भिंगरीला खिडकीशी नेऊन बजावलं होतं, "मातीत बोट खुपसून बघायचं. आत ओलं लागलं की हात मागे. हा पाणी पानांतच साठवून ठेवतो, त्याला उजेड पुरे. मी येईपर्यंत याला जगवलंस तर ही खिडकी तुझी. हवी ती झाडं लाव."

"हिच्या हाती?" आई म्हणाली होती. "अगं, ही स्वतःची छत्री कुठे ठेवते ते हिला आठवत नाही."

"गब्बू, जपून रे बाबा," असं म्हणून बाबांनी कुंडीला हात जोडले होते. सगळे हसले होते.

भिंगरी हसली नव्हती. खिडकी तर तिला हवीच होती. पण त्याहून जास्त तिला ते हसू थांबवायचं होतं.

आणि आता गब्बूची पानं पिवळट, काचेसारखी झाली होती. हात लागला की गळून पडत होती.

रविवारी सकाळी भिंगरी पडद्याआड लपली. आधी आजोबा आले. त्यांनी गोळी घेतली आणि पेल्यात उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. "घे राजा. पोरगी विसरली असणार." मग भाजी धुतलेलं पातेलं घेऊन आई आली. तिनेही थोडं ओतलं. शेवटी बाबा आले, चोरपावलांनी, हातात बाटली घेऊन. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"बाबा!" पडदा ओरडला.

बाटली सुटली ती थेट बाबांच्या पायावर.

आवाज ऐकून सगळे गोळा झाले. आजोबा एकाएकी छताकडे बघू लागले. आईने पातेलं पाठीमागे धरलं.

"तू विसरशील असं वाटलं," बाबा पाय चोळत म्हणाले. "मग मावशी आल्यावर तुझी फजिती झाली असती. म्हणून आपलं गुपचूप..."

"तू पण?" आईने आजोबांकडून बाबांकडे मान वळवली. "मला वाटलं, मी एकटीच घालते."

रागवावं की या तिघांच्या गळ्यात पडावं, भिंगरीला कळेना. "मला वाचवायला तुम्ही गब्बूला बुडवलंत!" ती म्हणाली आणि तिने मावशीला फोन लावला.

मावशी रागावली नाही. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तशी शांतपणे बोलली. "मातीतून बाहेर काढ. काळी, मऊ पडलेली मुळं आईकडून कापून घे. कागदावर ठेवून सुकू दे. मग कोरड्या मातीत लाव."

"आणि मग?"

"मग काही करायचं नाही. तेच सगळ्यांत अवघड असतं बघ."

नवी कुंडी हवी होती. खिडकीजवळच्या मावशीच्या खाटेखाली वाळकी माती चिकटलेल्या रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ठेवल्या होत्या, बऱ्याच. इतक्या कशाला, असं भिंगरीच्या मनात आलं, पण तेव्हा विचारायला सवड कुणाला होती! तिने सगळ्यांत वरची उचलली.

गब्बू सुकला, मग नव्या मातीत बसला. आणि भिंगरीने घरात कायदा केला. जो कुणी पाणी घेऊन खिडकीकडे फिरकेल, त्याने ते तिथेच, तिच्यासमोर पिऊन टाकायचं. आजोबा सापडले, निमूट प्यायले. बाबा दोनदा सापडले. "एवढं पाणी मी डॉक्टरांनी सांगूनही कधी प्यायलो नव्हतो," ते कुरकुरले. भिंगरी मात्र रोज बोट खुपसून बघायची आणि हात मागे घ्यायची. हात मागे घेताना बोटं शिवशिवायची. ती पाठीमागे दोन्ही हात घट्ट धरून उभी राहायची.

एके दिवशी गब्बूच्या मधोमध शेंगदाण्याएवढं नवं पान निघालं. ते बघायला आजोबांनी एकावर एक दोन चष्मे लावले.

मावशी आली त्याच्या आदल्या दिवशी माती आतपर्यंत कोरडी लागली, तेव्हा भिंगरीने गब्बूला स्वतःच्या हाताने पाणी दिलं. मावशीने दारात बॅग टाकली, आईने पुढे केलेला पाण्याचा पेला घेतला आणि तशीच खिडकीकडे धावली.

"जगवलंस गं, भिंगरे! खिडकी तुझी!" तिचे डोळे भरून आले. नव्या पानावरून तिने हलकेच बोट फिरवलं. "केवढासा झालाय माझा गब्बू. तहानलाय बिचारा..."

आणि तिने पेला कुंडीवर कलता केला.

भिंगरीने झडप घालून तिचं मनगट धरलं. तिची नजर खाटेखालच्या रिकाम्या कुंड्यांकडे गेली, तिथून मावशीच्या चेहऱ्याकडे आली. मावशी ओशाळली.

मग भिंगरीने तो पेला मावशीच्या ओठांना लावला, आणि शेवटचा घोट संपेपर्यंत हात काढला नाही.