कोरे समास

बाबा समीक्षक होते. ते सांगतील तोच पुस्तकाचा अर्थ. मग खुद्द लेखकही मान डोलवायचा. पेन्सिलीशिवाय त्यांनी कधी पान उलटलं नाही. आवडलं की समासात रेघ, खटकलं की फुली. ते गेल्यावर त्यांच्या कपाटातली माझी कादंबरी उघडली. फुल्या चालल्या असत्या, पण सगळे समास कोरे होते. "वाचलीच नाही गं त्यांनी," मी आईला म्हटलं. "दोनदा वाचली. पेन्सिल माझ्याकडे देऊन म्हणाले, 'ही लपवून ठेव, हिच्यासमोर मला बाप होता येत नाही.'" "मग? कशी वाटली म्हणाले?" "ते कुठले सांगतायत! वाचताना एकदा खुदकन हसले, एकदा डोळे पुसले." "कुठल्या पानावर?" "मी कशाला बघतेय?" आईने शिवणाच्या डब्यातून पेन्सिल काढून दिली. तेव्हापासून ती घेऊन माझंच पुस्तक वाचतेय, बाबा कुठे हसले असतील ते शोधत.