मेगलीचा वास

"मबरूक, मावशी, अभिनंदन! आली का पोर घरी?"

दुसऱ्या मजल्यावरची तेरेज दार उघडून हसत उभी होती. इम घसान जिन्यातच थबकली. घसानची आई म्हणून सगळी इमारत तिला इम घसानच म्हणे. ती आत्ता हॉस्पिटलातून येत होती, एकटीच. तिची नात अजून तिथेच, काचेच्या पेटीत होती.

मग तिलाही वास आला. शहाजिरं, बडीशेप, दालचिनी आणि त्यात कितीतरी वेळ रटरटणारी तांदळाची पिठी. मेगली. नाताळला ही खीर घरोघर होते, कारण त्या दिवशी बाळ येशू जन्मला. पण नाताळला अजून आठवडा होता, आणि एरवी लेबननमधल्या या झाहले गावात कुठल्याही जिन्यात मेगलीचा वास सुटला की त्याचा अर्थ एकच: या घरात बाळ आलंय. तेरेजचं काहीच चुकलं नव्हतं.

"नंतर बोलू," असं काहीतरी पुटपुटत इम घसान उरलेला जिना धापा टाकत चढली.

स्वयंपाकघरात जमीले पातेल्यापाशी उभी होती. जमीले म्हणजे तिची थोरली नणंद. लग्न केलं नाही, हे घर सोडलं नाही, आणि कुणाच्या बापाला भ्यायली नाही.

"बंद कर तो गॅस."

"गुठळ्या होतील."

"होऊ देत! ओतून दे सगळं. लोक जिन्यात मबरूक करायला लागलेत मला. पोर दीड किलोची, अंगभर नळ्या, आणि तू मेगली शिजवतेस? दृष्ट लावतेस का तिला?"

"नाताळची आहे."

"नाताळ पुढच्या आठवड्यात आहे, जमीले!"

जमीलेने डाव काही थांबवला नाही. "बरं, नाही नाताळची. तिचीच आहे. जन्माला आलीय ना ती? मग या घरात कुणी तसं म्हटलंय एकदा तरी? सगळे असे वावरताय की जणू कुणी गेलंय."

इम घसानने तोंड फिरवलं. समोर कपाटावर नाताळची गुहा मांडलेली होती. तपकिरी कागद चुरगाळून केलेले खडक, मेंढरं, योसेफ, मरिया आणि मधे रिकामी गव्हाण. बाळ तिथे ठेवायचं ते नाताळच्या रात्रीच. गुहेपुढे बशीत कापसावर गहू उगवले होते, चांगले वीतभर. दोन आठवड्यांपूर्वी, संत बार्बराच्या दिवशी सकाळी इम घसानने ते पेरले आणि हात पुसतेय तोवर सुनेला, रिंदाला, कळा सुरू झाल्या. दिवस भरायच्या दोन महिने आधी.

"गव्हाला पाणी घातलंस?" ती विचारायचं म्हणून म्हणाली.

"तू घालतेस की रोज! वाकून वाकून बघतेस, किती वाढले ते. गहू आणि पोर एकाच दिवसाचे. गहू बघतेस. पोरीला बघितलंस?"

म्हणजे घसानने आत्याला सांगितलं होतं तर. इम घसान हॉस्पिटलात रोज जायची, बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसायची. नर्स काचेपाशी बोलवायची आणि ती म्हणायची, उद्या.

"एकदा बघितलं की ती माझी होईल," ती म्हणाली. "मग काही बरंवाईट झालं तर काय करू मी?"

"आत्ता काय शेजाऱ्यांची आहे?"

तेवढ्यात वीज गेली. झाहलेत ती रोजच जाते, कुणी मान वर करून बघतही नाही. पण इम घसानने जमीलेचं मनगट घट्ट धरलं.

"तिथलीही गेली असेल? ती पेटी विजेवर चालते, जमीले, ती पेटी..."

"हॉस्पिटलचा जनरेटर आहे, वेडे. हात सोड, खाली लागेल."

तिने हात सोडला नाही. जमीले तिच्या हातासकट डाव फिरवत राहिली. गॅसच्या निळ्या उजेडात दोघींना एकमेकींची तोंडं नीट दिसत नव्हती, ते बरंच होतं.

दार वाजलं आणि कुणी उघडायच्या आत तेरेज आत आली. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात भिजवून सोललेल्या बदामांची वाटी.

"वरून बदाम नकोत का मेगलीवर? मला वाटलंच, या गडबडीत कोण सोलत बसणार." तिने खुर्ची ओढली. "आता निवांत सांगा, मावशी. कुणावर गेलीय? घसानवर की रिंदावर?"

जमीलेचा डाव पहिल्यांदाच थांबला.

इम घसानने तोंड उघडलं. अगदी घसान, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सगळ्याच आज्या म्हणतात. पण ती फडताळाकडे वळली.

तिने फडताळातून एक वाडगा काढला आणि जमीलेपुढे धरला. जमीलेने तो काठोकाठ भरला. पहिला वाडगा बाळंतिणीचा, आणि रिंदा हॉस्पिटलात लेकीपाशीच होती. इम घसानने त्यावर तेरेजचे बदाम पसरले, ताटलीने झाकून तो टॉवेलात गुंडाळला. अंगातला कोट तिने अजून काढलाच नव्हता.

"अहो मावशी, निघालात कुठं? मी काय विचारलं?"

"बस तू, मेगली खा." इम घसान अंधारात जिन्याची पायरी पायाने चाचपत होती. "बघून येते, मग सांगते."