सात नंबरचं बारसं

"सात नंबर!" फोनवर समिधाचे मार्गदर्शक हर्षद सर किंचाळले. "समिधा, सात नंबरच्या बाटलीतलं निळं-हिरवं शेवाळ जगात कुठेच नोंदलेलं नाही. नवीन आहे, नवीन!"

समिधा स्वयंपाकाच्या ओट्यावर चढली. का, ते तिलाही कळलं नाही. लोणारच्या खाऱ्या सरोवरातून तिने बारा बाटल्या आणल्या होत्या. बाकीच्या अकरांमध्ये सगळं ओळखीचंच निघालं होतं. सात नंबरही तसाच निघाला असता, तर चार वर्षांची पीएचडी गुंडाळून सोमवारपासून मोहोपाड्याला कारखान्यात कामावर जायचं ठरलं होतं.

"नाव सुचव पटकन," सर म्हणाले. "फोन ठेवत नाही मी."

नाव ठेवायचं म्हणजे आत्याचा मान. वडील, रोहिदास, माळ्यावर पाळणा शोधायला चढले. शेजारच्या सुरेखाकाकूंनी घुगऱ्यांना हरभरे भिजत घातले.

"मुलगा की मुलगी?" काकूंनी विचारलं.

"तसं नसतं काकू. ते आपलं आपणच एकाचं दोन होतं."

"बरंय बाई. सासर नको नि काय नको."

"मोतीआत्या, बोल की! काय नाव?" समिधाने विचारलं.

मोतीबाई दाराआड पदर पिळत उभी होती.

"नाव ठेवीन गं. पन त्याचं गाव लोनार लिवू नको. लेकराचं गाव खोटं लावू नाय."

"म्हणजे?"

"तू लोनारहून आलीस, बाटल्या पडवीत ठेवून जेवाय बसलीस. झाडताना ती सातवी लवंडली. तू रडशील म्हनून मी मागल्या बादलीतलं हिरवं पानी भरलं."

"कसली बादली?"

"मीठ नि पापडखाराची. गेल्या उन्हाळ्यात तांदळाच्या पापडांना केलेलं, उरलं. टाकायचं कशाला?"

फोन स्पीकरवर होता. समिधाला सोमवार दिसू लागला. भिसेगावातल्या घरामागची बादली लोणारच्या प्रबंधात कुठे बसवणार?

फोनमधून सरांनी विचारलं,

"समिधा, सरोवराची खोली किती?"

समिधा मागच्या दारी धावली. रंगाची जुनी बादली होती. तिने काठी बुडवून पाहिली.

"दोन वीत, सर."

"कुणी हात लावू नका. प्रबंधाचा विषय बदलू. मी निघालो." फोनमध्ये किल्ल्या खुळखुळल्या. "पण एकाच सरोवरावर पीएचडी होणार कशी?"

मोतीबाईने फोनजवळ तोंड नेलं.

"उडदाच्या पापडांची येगळी हाय सर, पोह्यांच्या पापडांची येगळी. पीयचडीला बादल्या किती लागतात?"