येतानाची झडती

अबू वासेफने हनादीच्या डब्यातली रोटीची गुंडाळी उलगडली. आत घट्ट दही आणि काकडी होती. त्याने काकडीची चकती उचलून तिच्याखालीही पाहिलं.

"आणखी काही आणलंयस, पोरी?"

"भूक आणलीय, काका. तेवढी आत नेऊ देता का?"

उत्खननावरच्या माणसांची झडती सगळ्या जगात जाताना घेतात. अबू वासेफ येताना घ्यायचा. या पुरातत्त्ववाल्यांचा काय भरवसा? खिशातून एखादं खापर आणतील, मातीत टाकतील आणि तासाभराने सांगतील, प्राचीन काळचे फिनिशियन सापडले. शेजारच्या अबू घालेबच्या जागेत देऊळ निघालं होतं. आता तिथे सरकारी कुंपण आहे, कुंपणात मांजरं आहेत आणि अबू घालेब जावयाच्या घरी राहतो.

अबू वासेफला इथे मुलासाठी घर बांधायचं होतं. घर नाही तर लग्न नाही, असं मुलीच्या बापाने बजावलं होतं. आणि सैदासारख्या जुन्या शहरात पुरातत्त्व खात्याने खोदून पाहिल्याशिवाय वीट लावता येत नाही.

झडती झाली की तो हनादीला वेलदोड्याची कॉफी द्यायचा. संशय आपल्या जागी, पाहुणा आपल्या जागी.

दुपारी तळाशी खडक लागला. हनादीने तो ब्रशने झाडून घेतला, खात्याला फोन केला आणि वर आली.

"झालं, काका. खाली काही नाही. बांधा घर."

अबू वासेफने देवाचे आभार मानले आणि मुलाला फोन लावला. वासेफ काँक्रीटचा मिक्सर घेऊन कोपऱ्यावरच थांबला होता. कोणाचं मन बदलायच्या आत खड्डा भरलेला बरा.

"काहीच नाही?" भिंतीपलीकडून अबू घालेबने विचारलं. तो रोज आपलं देऊळ बघायला यायचा.

"काहीच नाही," अबू वासेफ खुशीत म्हणाला.

"कमाल आहे. आमच्याकडे देऊळ होतं म्हटल्यावर तुमच्याकडे निदान त्यांचा उकिरडा तरी निघायला हवा होता."

अबू वासेफ हनादीकडे वळला.

"उकिरडाही नाही?"

"नाही. तेव्हा इथे कोणी राहतच नव्हतं."

"माझा आजोबा इथे जन्मला."

"ते बरंच नंतर, काका."

"म्हणजे हजारो वर्षं अख्खं सैदा इथे नांदलं आणि नेमकं माझ्या जागेत कोणी फिरकलं नाही? जागेत खोट काय होती?"

"खोट कसली? तुम्हाला हेच हवं होतं ना?"

अबू वासेफने खड्ड्यात डोकावून पाहिलं. हनादीने हत्यारं आवरली, टोपी झटकली, पिशवी खांद्याला लावली. ती जरा घाईत आहे असं त्याला वाटलं. इतके दिवस ती कधी घाईत नव्हती.

"पिशवी दाखव, पोरी."

"आता? जाताना?"

"जाताना."

पिशवीत ब्रश होता, थापी होती, रिकामा डबा होता. डब्यात काकडीचं देठ होतं. ते त्याने उजेडात धरून फिरवून पाहिलं आणि परत ठेवलं.

"कॉफी घेऊन जा," तो म्हणाला. आज पहिल्यांदाच तिने नको म्हटलं. अबू घालेबने भुवया उंचावल्या.

फाटकाशी मिक्सर येऊन उभा राहिला. पिंप फिरत होतं. वासेफ केबिनमधून वाकून ओरडला, "बाबा, बाजूला व्हा, माल घट्ट होतोय."

बाबा खाली खड्ड्यात होते, गुडघ्यांवर. हातात कॉफीचा चमचा होता.

"थोडं डावीकडे," अबू घालेब भिंतीवरून म्हणाला.