खडूची भिंत

"अरे, भिंतीतून आरपार गेलास! भूत झालास की काय?"

सगळे हसले. प्रयोगशाळेत ज्याला उंट म्हणत, तो उंच संशोधक जीभ चावून मागे फिरला, खडूच्या रेघेबाहेर आला, हवेतलं दार उघडून नीट आत गेला. दाराची करकरही त्यानेच तोंडाने काढली.

रिकाम्या गोदामाच्या फरशीवर नव्या प्रयोगशाळेचा अख्खा मजला खऱ्या मापाने आखला होता. आर्किटेक्ट बाईंची ही पद्धतच होती. पाया खणण्याआधी तिथे राबणाऱ्यांनी आपला रोजचा दिवस या रेघांत जगून दाखवायचा. ओटा कुठे बोचतो, कोण कुणावर आदळतं, प्रयोग फसल्यावर घटकाभर तोंड लपवायला कोपरा आहे का, सगळं आधीच कळतं. नियम एकच, भिंत ओलांडायची नाही, जायचं ते दारातून. इमारत माणसांसाठी असते, यंत्रांसाठी नव्हे, असं बाई दर बैठकीत सांगायच्या. लोकांना ते पाठ झालं होतं, पण बाई मनापासूनच सांगायच्या.

सकाळी हसून हसून पुरेवाट झाली होती. दुपारपर्यंत सगळ्यांच्या अंगात ती इमारत भिनली. माणसं नसलेल्या नळाखाली हात धूत होती, नसलेल्या काचेतून एकमेकांना खुणा करत होती, पलीकडच्या खोलीला ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत होती. चुकूनसुद्धा कुणाचा पाय रेघेवर पडत नव्हता. बाई खूश होत्या.

तेवढ्यात विभागप्रमुख एका वयस्कर गृहस्थांना घेऊन आले. त्यांना पाहून सगळ्यांनी हातातली हवेतली कामं थांबवली. यांची मुलगी इथेच संशोधक होती. जुन्या इमारतीतल्या, नमुने गोठवून ठेवायच्या थंड खोलीत अडकून ती गेली. दाराचं आतलं हँडल निखळून हातात आलं आणि बाहेर सगळे आपापल्या कामात होते. नव्या इमारतीला तिचं नाव द्यायचं सर्वांच्या मनात होतं. फक्त वडिलांचा होकार हवा होता.

"आधी बघतो, मग सांगतो," काका म्हणाले. "थंड खोली कुठे आहे?"

बाईंनी दाखवली. चहाच्या जागेला लागूनच होती. मध्ये दुहेरी रेघ होती.

"यंत्राची घरघर चहाच्या वेळी कुणाला नको, म्हणून ही भिंत मुद्दाम जाड केलीय. दार मागच्या बोळातून, कपडे बदलायच्या खोलीतून आहे. आणि काका, या दाराला आतूनही हँडल आहे."

"हँडल तेव्हाही होतं, बाई."

काका बोळातून वळसा घालून खोलीत गेले. सांगावं लागलं नाही, दारादारातूनच गेले.

"दार लावा," ते म्हणाले. उंटाने लावलं. "आता तुमचं चालू द्या. माझ्याकडे बघू नका. त्या भिंतीतून दिसणार नाही ना?"

"नाही," बाई म्हणाल्या.

मंडळी चहाला बसली. बाई कागद घेऊन त्यांच्या बाजूने दुहेरी रेघेपाशी उभ्या राहिल्या. हवेतले कप भरले गेले. कुणाची रजा नामंजूर झाली, कुणाचा शोधनिबंध परत आला, बोलणी सुरू झाली. पत्र्याखाली सगळे घामाघूम झाले होते. पलीकडे काकांनी दोन्ही हात काखेत घातले.

थोड्या वेळाने त्यांनी भिंत ठोठावली. मूठ बरोबर रेघेवर थांबत होती.

"कुणी आहे का?"

कुणी वळलं नाही. एकीने साखर मागितली, दुसरीने दिली.

"अहो, दार उघडा!" आता ते ओरडले. आवाज गोदामभर घुमला. चहा पिणाऱ्यांपैकी एकाचीही पापणी हलली नाही. किती छान समजून घेतलंय सगळ्यांनी, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी हातातल्या कागदावर लिहिलं, 'पलीकडचा आवाज येत नाही. उत्तम.'

"उंटा," काका म्हणाले. आता त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. मुलगी घरी ज्या नावाने याच्या गमती सांगायची, ते नाव त्यांना ठाऊक होतं. "अरे उंटा, उघड ना रे."

उंटाचा हात हवेतल्या कपाभोवती थिजला. त्याचे डोळे भरून आले. मान मात्र वळली नाही.

बाईंची नजर आपल्याच अक्षरावर गेली. कागद टाकून त्या धावल्या. चहाच्या जागेचं दार उघडून त्या बाहेर पडल्या, लांबलचक बोळ धावत गेल्या, कोपऱ्यावर वळल्या. कपडे बदलायच्या खोलीत शिरल्या, तिथे बाहेरच्या चपला चालत नाहीत म्हणून घाईघाईने काढल्या, पुढचं दार ढकललं. शेवटी थंड खोलीच्या दाराशी पोचून त्यांनी ते हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि जीव खाऊन ओढलं.

काका त्यांच्याकडे पाठ करून, दुहेरी रेघेला नाक लावून उभे होते. ते सावकाश वळले. धापा टाकणाऱ्या, अनवाणी बाईंकडे त्यांनी पाहिलं.

"एवढ्या लांबून आलात?" ते म्हणाले. "तुम्ही तर माझ्यासमोरच उभ्या होतात."