गडबडीचा अर्थ

अणुभट्टी बंद पडली आणि पद्माकरचं नोकरीत पहिल्यांदा कौतुक झालं.

"शाबाश, पद्माकरजी! एक शब्द पकडा और पूरा प्लांट सेफ!" साहेब म्हणाले.

युद्ध सुरू होतं. शत्रूच्या ड्रोनपेक्षा घरभेद्याची भीती जास्त, हे पद्माकरनेच दिल्लीतल्या सुरक्षा खात्यात बसून ठरवलं होतं. उंटावरून शेळ्या हाकायची त्याला हौसच. अणुवीज केंद्रातला प्रत्येक फोन ऐकायचा, बिघाडाचा नुसता उल्लेख आला तरी भट्टी बंद करायची आणि बोलणाऱ्याला धरायचं, असा त्याचा नियम. आज ड्यूटीवरच्या फोनवरून कुणीतरी घरी म्हणालं, "गडबड आहे." ऐकणारा शिपाई मेरठचा. त्याने लगेच वर कळवलं. निम्म्या नोएडाचे पंखे थांबले.

"बोलनेवाले मराठी हैं, आप भी मराठी," साहेबांनी विचारलं. "गडबड मतलब खराबी ही ना?"

हिंदीत गडबड म्हणजे बिघाड. पद्माकरच्या घरी गडबड म्हणजे घाई. त्याची बायको सुनेत्रा रोज डबा भरताना हाच शब्द दहादा म्हणायची. खरं सांगावं, तर ऐन युद्धात साप म्हणून भुई धोपटल्याबद्दल खात्यात हसं होणार, बढती जाणार. खोटं सांगावं, तर कुणीतरी बिचारा मराठी माणूस देशद्रोही ठरणार. त्या बिचाऱ्याची त्याला मनापासून दया आली. पद्माकरची लेक नीरजा त्याच केंद्रात इंजिनिअर होती. तिला मात्र त्याने हट्टाने सुटी घ्यायला लावली होती. एव्हाना ती दिल्लीच्या गाडीत असेल, या विचाराने त्याला बरं वाटलं.

"बिल्कुल," तो म्हणाला. "खराबी ही."

साहेबांनी फोन उचलला. "जो भी हो, उठा लो." मग नुकतंच आलेलं रेकॉर्डिंग त्यांनी हौसेने लावलं. "सुनिए, आपकी कामयाबी."

आधी सुनेत्राचा आवाज आला. "नीरू, निघालीस का गं?"

"नाही आई, गडबड आहे, नंतर बोलते. सगळेच सुटीवर गेले तर भट्टी कोण सांभाळणार? बाबांना सांगू नकोस हं, उगाच काळजी करतील."